एक खुर्ची, सहा देश

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला जमीन आपली आहे हे दाखवायचं असलं की तो गाव नमुना सातचा उतारा काढतो. पिकांच्या नोंदीचा नमुना बारा त्याला जोडला की आपला सातबारा तयार होतो. आता सीमेपलीकडे, पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात जाऊ. लारकान्याच्या शेतकऱ्याला असाच पुरावा हवा असला तर तो तालुक्याच्या कचेरीत जातो आणि ‘फॉर्म सात’ मागतो. आकडा तोच, कामही तेच. पण तिथून लाहोरला गेलं तर हा फॉर्म सात कामाचा नाही. पाकिस्तानी पंजाबात जमिनीची ‘फर्द’ काढावी लागते, आणि तिथे तालुकाही नाही, तहसील आहे. जमिनीच्या कागदापुरतं बोलायचं तर लारकान्याचा शेतकरी लाहोरपेक्षा साताऱ्याला जवळचा आहे.

असं का, याचं उत्तर जुन्या नकाशात आहे. इंग्रजांनी 1843 मध्ये सिंध जिंकला आणि 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. 1 एप्रिल 1936 रोजी तो वेगळा प्रांत झाला. मधली जवळजवळ नव्वद वर्षं कराचीचा कारभार मुंबईच्या कायद्याने चालला, त्यात 1879 चा जमीन महसुलाचा कायदाही आला. आपल्याकडे तालुक्याला मामलेदार, तिकडे मुख्तियारकार. आपल्याकडे गावाला तलाठी, तिकडे तपेदार. सिंधू नदीवरचा सक्खरचा बंधारा 1932 मध्ये पुरा झाला तेव्हा त्याला लॉईड बंधारा म्हणत, आणि भोरजवळचं भाटघर धरण बांधलं तेव्हा त्याचंही नाव लॉईड धरण होतं. दोन्ही नावं मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज लॉईड याच्यावरून दिलेली. फाळणी झाली, युद्धं झाली, दोन्ही बाजूंना पिढ्या बदलल्या, तरी कचेरीतला सात हा आकडा जागचा हलला नाही. मला या गोष्टीचं जितकं नवल वाटतं तितकं कुठल्या किल्ल्याचं किंवा लेण्याचंही वाटत नाही.

सरकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजधानी येते, संसद येते. पण दक्षिण आशियातल्या बहुतेक माणसांना सरकार भेटतं ते जिल्ह्याच्या ठिकाणी, एका विशिष्ट खुर्चीच्या रूपाने. भारतात त्या खुर्चीवर जिल्हाधिकारी बसतो. पाकिस्तान आणि बांगलादेशात तो डीसी, म्हणजे डेप्युटी कमिशनर. श्रीलंकेत गव्हर्नमेंट एजंट, नेपाळात प्रमुख जिल्ला अधिकारी, भूतानात झोंगदा. सहा देश, आणि त्यांतले दोन तर इंग्रजांनी कधीच आपल्या राज्याला जोडले नाहीत. एखादा देश समजून घ्यायचा तर त्याची राज्यघटना वाचण्याआधी एक गोष्ट शोधावी असं मी सुचवीन: या खुर्चीतून कोणता अधिकार कोणी काढला, कधी काढला आणि कोणाच्या हाती दिला? एवढं कळलं की त्या देशाचा अर्धा राजकीय इतिहास हाती लागतो.

खुर्चीचा जन्म बंगालमधला. 1769-70 च्या भीषण दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झालेला असताना, 1772 मध्ये, वॉरन हेस्टिंग्जने कलेक्टर नेमले. नावातच काम होतं: सारा गोळा करायचा. 1793 मध्ये कॉर्नवॉलिसने दोन मोठे निर्णय घेतले. न्यायनिवाडा कलेक्टरकडून काढून स्वतंत्र न्यायाधीशाकडे दिला, आणि सारा जमीनदारांशी कायमचा ठरवून टाकला. पहिला निर्णय फार टिकला नाही. 1857 च्या उठावानंतर महसूल आणि दंडाधिकार पुन्हा एकाच माणसाच्या हातात आले. दुसरा निर्णय मात्र दीडशे वर्षं टिकला. त्याचा परिणाम असा की बंगालच्या कलेक्टरला जमीनदार माहीत असे. शेत माहीत असण्याचं त्याला कारणच नव्हतं.

आपल्याकडे उलट घडलं. 1818 मध्ये पेशवाई गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पुणे, अहमदनगर, खानदेश, धारवाड इथे कलेक्टर बसवले, पण पाटील आणि कुलकर्णी जागेवर ठेवले. कुलकर्ण्याच्या दप्तरात गावातलं शेत न् शेत होतं, ते दप्तर मोडण्यात शहाणपणा नव्हता. पुढे 1835 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिडने, आणि त्याच्याबरोबर विंगेटने, नवी मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला प्रतवारी, आणि सारा थेट शेतकऱ्याकडून. आपल्या सातबाऱ्यावरच्या सर्व्हे नंबराचं मूळ त्या मोजणीत आहे. बंगालमध्ये शेतवार मोजणी निघाली ती 1888 मध्ये आणि चालली 1940 च्या सुमारापर्यंत. त्या मोजणीचं ‘सीएस खतियान’ आजही बांगलादेशात जमिनीच्या दाव्यांमध्ये कोर्टापुढे येतं. एकाच ईस्ट इंडिया कंपनीने, एकाच पदनामाने बसवलेल्या दोन कलेक्टरांपैकी एक बांधापर्यंत पोचला आणि दुसरा वाड्याच्या दारात थांबला.

स्वातंत्र्यानंतर खुर्चीत तीन धागे एकत्र वळलेले होते: सारा, दंड आणि नव्याने आलेला विकास. ते सोडवायचं काम प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने केलं.

दंडाचा धागा भारताने तुलनेने लवकर सोडवला. जो अटक करवतो त्यानेच शिक्षा देऊ नये, ही मागणी काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनची. मुंबई राज्याने 1951 मध्येच तसा कायदा केला, आणि 1 एप्रिल 1974 पासून नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सगळ्या देशात खटले न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेले. कलेक्टरकडे जमावबंदीसारखे प्रतिबंधक अधिकार तेवढे उरले. बांगलादेशात हे व्हायला 1 नोव्हेंबर 2007 उजाडला. मासदार हुसेन नावाच्या न्यायाधीशाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आपण प्रशासकीय सेवेचा भाग नाही, अशी दाद मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर निवडून आलेली सरकारं मुदती मागत राहिली, आणि अंमलबजावणी अखेर एका काळजीवाहू सरकारने केली. तरीही धागा पुरता सुटला नाही. 2009 च्या कायद्याने कार्यकारी दंडाधिकारी फिरती न्यायालयं घेऊन बाजारात जातात, भेसळ पकडतात आणि तिथल्या तिथे शिक्षा करतात. लोकांना ते आवडतं, कायदेपंडितांना खटकतं. मला कायदेपंडितांचं म्हणणं पटतं, पण भेसळीचं दूध मुलाला पाजलेल्या आईला काय वाटत असेल तेही कळतं.

पाकिस्तानची गोष्ट सगळ्यात धाडसाची आहे. 14 ऑगस्ट 2001 रोजी जनरल मुशर्रफ यांच्या राजवटीत तिथे खुर्चीच काढून टाकली गेली. डेप्युटी कमिशनर गेला, त्याच्यावरचा विभागीय आयुक्त गेला, त्याचे दंडाधिकारही गेले. त्याच्या जागी आला जिल्हा नाझिम: गावपातळीवरच्या सदस्यांनी निवडलेला, जिल्ह्याचा राजकीय प्रमुख. सनदी अधिकारी आता जिल्हा समन्वय अधिकारी झाला आणि नाझिमच्या हाताखाली काम करू लागला. कलेक्टरने लोकप्रतिनिधीला वृत्तांत द्यायचा, ही गोष्ट या उपखंडात दोनशे वर्षांत इतक्या उघडपणे कोणी केली नव्हती. कराचीसारख्या अवाढव्य शहराचा कारभार निवडून आलेल्या नाझिमने चालवला.

पण हे करणारा होता लष्करशहा. आणि इथेच थांबून विचार करावा असं काही तरी दिसतं. पाकिस्तानात स्थानिक स्वराज्याचे मोठे प्रयोग तीन. अयुबखानांची 1959 ची ‘मूलभूत लोकशाही’, ज्यात दोन्ही पाकिस्तानांतून मिळून ऐंशी हजार सदस्य निवडले गेले आणि पुढे तेच राष्ट्राध्यक्षाचे मतदार झाले. झिया-उल-हक यांचे 1979 चे कायदे. आणि मुशर्रफ यांचे 2001 चे. तिन्ही लष्करी राजवटींचे. बांगलादेशातही उपजिल्हा आणला तो 1982 मध्ये सत्ता घेतलेल्या लष्करप्रमुख एर्शाद यांनी. त्यांनी ढाक्याची सत्ता तालुक्याच्या पातळीला नेली, निवडून आलेला उपजिल्हा अध्यक्ष बसवला, जुन्या उपविभागांचे जिल्हे करून जिल्ह्यांची संख्या 64 केली. 1991 मध्ये लोकशाही परतली आणि निवडून आलेल्या सरकारने ती उपजिल्हा परिषद रद्द केली. पाकिस्तानातही मुशर्रफ गेल्यावर प्रांतांच्या निवडून आलेल्या सरकारांनी नाझिम घालवले, आयुक्त परत आणले, आणि 2017 च्या सुरुवातीला पंजाबात डेप्युटी कमिशनर हे नावसुद्धा सन्मानाने परतलं.

गाव आणि जिल्हा हुकूमशहाने बळकट करावा आणि लोकशाहीने दुबळा करावा, हे उफराटं वाटतं. कारण मात्र सरळ आहे. लष्करशहाला पक्ष नको असतात. पक्षांना वळसा घालून गावाशी थेट नातं जोडता आलं तर त्याची गादी स्थिर होते. आमदाराचं उलट असतं. रस्ता, शाळेतली नेमणूक, पाण्याची टाकी यांवरच त्याची मतं उभी असतात, आणि नेमकी तीच कामं जिल्ह्याचा निवडून आलेला प्रमुख करू लागला तर आमदाराला प्रतिस्पर्धी तयार होतो. डीसी प्रतिस्पर्धी नसतो. त्याची बदली करता येते.

हे वाचून आपण हायसं वाटून घेण्याचं कारण नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांची तीच स्थिती होती. निमित्त आरक्षणाच्या न्यायालयीन वादाचं, पण घाई कोणालाच दिसली नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बांगलादेशात सरकार कोसळलं तेव्हा हंगामी सरकारने देशभरातले उपजिल्हा अध्यक्ष काढले आणि त्यांच्या जागी उपजिल्ह्यांचे सनदी अधिकारीच प्रशासक म्हणून बसवले. सरकार कोसळण्याचं निमित्तही याच खुर्चीच्या वाटेवरचं होतं: सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण. स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांसाठीच्या 30 टक्के जागा न्यायालयाने परत आणल्या आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेसाठी खोली घेऊन राहिलेल्या मुलामुलींना ढाक्याच्या त्या विद्यार्थ्यांची तगमग समजावून सांगावी लागणार नाही.

महाराष्ट्राचा स्वतःचा प्रयोग मात्र शेजाऱ्यांना अभिमानाने सांगावा असा आहे. बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये विकासगटाला वजन दिलं होतं आणि जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदी कलेक्टर सुचवला होता. वसंतराव नाईक समितीने दोन्ही गोष्टी नाकारल्या. बळ जिल्ह्याला द्या आणि कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवा, असं तिचं म्हणणं. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. अध्यक्ष निवडलेला, आणि त्याच्या शेजारी मुख्य कार्यकारी अधिकारी हा दुसरा सनदी अधिकारी. शाळा, दवाखाने, गावरस्ते तिकडे गेले. म्हणजे महाराष्ट्राने खुर्ची मोडली नाही. विकासाचा धागा उचलून दुसऱ्या इमारतीत नेला. मुशर्रफ यांच्या प्रयोगाला आठ-दहा वर्षांत उतरती कळा लागली, आणि नाईक समितीचा आराखडा सहा दशकांनंतरही उभा आहे, याचं कारण मला या सावधपणात दिसतं. कलेक्टरला हरवायचंच नव्हतं, त्याच्या कामाचा एक वाटा वेगळा करायचा होता.

याच सुमाराला श्रीलंकेतही मोठी उलथापालथ चालली होती. ती समजायला थोडं मागे जावं लागतं. तिथे कलेक्टर पहिल्यांदा आला तोच अपयशी ठरला. 1796 मध्ये डचांकडून किनारपट्टी घेतल्यावर कंपनीने मद्रासची पद्धत आणली, मुदलियार नावाच्या स्थानिक मुखियांना बाजूला सारून मद्रासकडचे अमलदार नेमले आणि नारळाच्या झाडांवर कर बसवला. 1797 मध्ये लोक उठले. इंग्रजांनी माघार घेतली, आणि 1802 पासून श्रीलंका कंपनीच्या हिंदुस्थानापासून वेगळी झाली. पुढे तिथे गव्हर्नमेंट एजंट आले, गावोगावच्या मुखियांच्या आधाराने राज्य करणारे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हंबनटोटा जिल्ह्यात लिओनार्ड वुल्फ नावाचा तरुण सहायक एजंट होता. 1908 ते 1911 या काळात तो मिठागरं सांभाळी, जंगल जाळून शेती करण्याचे परवाने देई, खटले ऐके, गुरांच्या साथीत कठोर हुकूम काढी आणि नियमाप्रमाणे रोजनिशी लिही. नंतर त्याने नोकरी सोडली, साम्राज्याचा टीकाकार झाला, आणि 1913 मध्ये त्या जिल्ह्यातल्या एका भुकेल्या खेड्यावर कादंबरी लिहिली. खुर्चीत बसलेल्या माणसाला खुर्चीच्या समोर उभ्या असलेल्याचं दुःख इतकं दिसावं, हे क्वचित घडतं.

1 मे 1963 रोजी श्रीलंकेने जुनी सिव्हिल सर्व्हिस बरखास्त करून एकच प्रशासकीय सेवा केली. त्याच वर्षी गावचे मुखिया गेले आणि परीक्षेतून निवडलेले ग्रामसेवक आले, ज्यांना आता ग्राम निलधारी म्हणतात. देशात त्यांची सुमारे चौदा हजार क्षेत्रं आहेत. आपल्याकडेही नेमक्या याच काळात कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने, महार वतनं 1958 च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलकी 1962 च्या कायद्याने संपली. महार वतनाच्या वेठीतून सुटका व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्येच मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं. जन्माने मिळणारी सत्ता जाऊन परीक्षेने मिळणारी आली, हा बदल आज साधा वाटतो. ज्याच्या आजोबांनी पाटलाच्या वाड्यासमोर चपला काढून हातात घेतल्या त्याला तो साधा वाटणार नाही. श्रीलंकेने पुढे 1992 मध्ये आणखी एक पाऊल टाकलं आणि एजंटचे बरेचसे अधिकार खालच्या विभागीय सचिवाला दिले. जिल्ह्याची खुर्ची आहे, पण कागद आता एक पायरी खाली निघतो.

भूतानची रचना पाहण्याजोगी आहे, जरी तिची तुलना करणं अवघड असलं तरी. सतराव्या शतकात झाबद्रुंग नवांग नामग्याल याने देश एकत्र केला तेव्हा किल्ल्यासारखे झोंग बांधले; पुनाखाचा झोंग 1637-38 चा. एका बाजूला भिक्षुसंघ आणि दुसऱ्या बाजूला कचेरी, अशी त्यांची रचना, आणि आजही अनेक झोंगांमध्ये ती तशीच आहे. 20 जिल्ह्यांमध्ये झोंगदा, आणि त्याखाली 205 गेवोगांमध्ये लोकांनी निवडलेला गुप. घटनेने स्थानिक निवडणुकीत राजकीय पक्षांना मज्जाव केला आहे.

नेपाळचं आश्चर्य सगळ्यात ताजं आहे. तिथे 1997 नंतर स्थानिक निवडणुकाच झाल्या नाहीत. माओवादी बंड, राजेशाहीचा अंत, घटना समितीतली ओढाताण. या सगळ्यात वीस वर्षं गेली आणि गावचा कारभार सचिवांनी हाकला. मग 2015 ची राज्यघटना आली आणि 2017 मध्ये एकदम 753 स्थानिक सरकारं उभी राहिली: महानगरपालिकांपासून 460 गावपालिकांपर्यंत. ही नुसती स्थानिक संस्था नव्हे, घटनेने शाळा, आरोग्य, स्थानिक कर यांचे अधिकार दिलेलं खरोखरचं सरकार. जिल्हा पातळीवरची निवडून आलेली समिती मात्र फक्त समन्वयापुरती ठेवली. नाईक समितीने जिल्ह्यावर भर दिला, नेपाळने जिल्ह्याला वळसा घालून गावाला बळ दिलं. सीडीओ, म्हणजे प्रमुख जिल्ला अधिकारी, तिथेही आहेच, 77 जिल्ह्यांत, केंद्राच्या गृहखात्याचा माणूस म्हणून. नागरिकतेचं प्रमाणपत्र त्याच्याच कचेरीतून मिळतं, आणि काही प्रकरणांत तो आजही शिक्षा देऊ शकतो. दंडाचा धागा नेपाळने सोडवलेला नाही, हा त्या व्यवस्थेतला मोठा दोष.

पण त्याच देशाने आणखी काही केलं. प्रत्येक वॉर्डात निवडायच्या चार सदस्यांमध्ये दोन स्त्रिया, त्यांतली एक दलित स्त्री, असा नियम आहे. त्यामुळे 2017 मध्ये साडेसहा हजारांच्या आसपास दलित स्त्रिया एकाच निवडणुकीत लोकप्रतिनिधी झाल्या. प्रमुख आणि उपप्रमुख या दोन्ही पदांसाठी उमेदवार देणाऱ्या पक्षाला त्यांतली एक स्त्री द्यावी लागते. बहुतेक पक्षांनी स्त्रियांना उपप्रमुखपदाची उमेदवारी दिली. आणि घटनेच्या कलम 217 ने त्या उपप्रमुखालाच गावाच्या न्यायिक समितीचं अध्यक्षपद दिलं. शेताचा बांध, पाटाच्या पाण्याची पाळी, चरून गेलेलं पीक, थकलेली मजुरी, म्हाताऱ्या आईबापांचा सांभाळ, छपराच्या पागोळीचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडणं. अशा तेरा प्रकारच्या तंट्यांवर ही समिती निकाल देते, आणि आणखी अकरा प्रकारांत समेट घडवते. निकाल पटला नाही तर जिल्हा न्यायालय आहे. यातल्या अनेक जणींनी कायद्याचं पुस्तक कधी उघडलेलं नव्हतं, आणि 2022 मध्ये पक्षांनी युती करून एकेकच उमेदवार देण्याची पळवाट शोधल्यावर उपप्रमुखपदावरच्या स्त्रियांचं प्रमाण घटलं. तरीही, ज्या घराण्यातल्या बाईला चावडीवर तोंड उघडता येत नव्हतं तिच्याकडे पाण्याच्या पाळीचा निवाडा जावा, हे मला या सहा देशांतल्या कोणत्याही सुधारणेपेक्षा मोठं वाटतं.

शेजाऱ्यांकडून एकच गोष्ट घ्यायची झाली तर मी ही समिती घेईन. महाराष्ट्रात सरपंचपदाच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, गावोगाव अनुभवी बायका तयार झालेल्या आहेत, आणि बांधाचे तंटे दिवाणी न्यायालयात पिढ्या खातात. निकालाचा अधिकार, कायद्याचं थोडं प्रशिक्षण आणि वर अपिलाची सोय, एवढ्या तीन गोष्टी लागतील. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव कोणी तरी मांडावा.